पन्नास मीटर, जॅकेटशिवाय

३ जून २०२५, मंगळवार

पत्र आलं. पत्र कसलं, मोबाइलवर चार पानं. राष्ट्रीय शीडनौका महासंघ म्हणतो — यंदापासून कुठल्याही शर्यतीत शिडाची होडी घालायची तर होडीवर बसणाऱ्या प्रत्येकानं महासंघाचं सदस्य व्हायचं. सक्तीचं! हौशी असो, म्हातारा असो, नवरा-बायको असो. सदस्य क्रमांक नाही तर पाण्यात होडी नाही.

तीन पानं मी हसत वाचली. चौथ्या पानावर कलम अकरा. अर्जदारानं तपासनिसासमोर पन्नास मीटर पोहून दाखवायचं. अंगावर रोजचे कपडे. लाईफ जॅकेट घालायचं नाही.

जेवलो नाही. तारामती म्हणाली, "पोट बिघडलं का काय?" म्हटलं, हाव.

४ जून

हे फक्त इथंच लिहितो. ही वही बियाण्याच्या पेटीत असती आन पेटीची किल्ली माझ्या करगोट्याला.

मला पोहता येत नाही.

झालं लिहून. सुभेदार अण्णाराव, फौजेत सव्वीस वर्षं, त्यातली नऊ फौजेच्या बोट क्लबात, चाकूर तालुका शीडनौका मंडळाचा संस्थापक अध्यक्ष — आन पोहता येत नाही. बोट क्लबात मी होतो खरा, पण स्टोअरमध्ये. शिडं द्यायची, जॅकेटं परत घ्यायची, वाळवून घडी घालायची. रविवारी एखाद्या साहेबाच्या होडीत माणूस कमी पडला की मला वजन म्हणून बसवायचे. तिथं बसून वारा शिकलो, शीड शिकलो, सुकाणू शिकलो. ते सगळं अस्सल हाय, त्यात खोट नाही. पण अंगात जॅकेट कायम. गावात सांगितलं, शिस्त म्हणून घालतो. मंडळाच्या बैठकीलाबी घालून बसतो. लोक म्हणतात, काय शिस्त हाय गड्याची!

रिटायर झालो तेव्हा क्लबानं एक जुनी होडी लिलावात काढली. ती घेऊन उसाच्या ट्रकवर घालून चाकूरला आणली. लोक म्हणाले, इथं प्यायला पाणी नाही आन ह्यानं होडी आणली. बरोबरच होतं त्यांचं. पहिली सहा वर्षं होडी गोठ्यात होती, तिच्यात आम्ही सोयाबीन ठेवलं. मग एका पावसात गावचं तळं भरलं.

५ जून

झोप नाही. कारण ती शाल.

सहा वर्षांमागं आमच्या तळ्यात वाऱ्याचा झपाटा आला आन होडी कलंडली. होडीवर माणसं दोनच बसतात — सुकाणूवर मी, पुढच्या शिडाच्या दोरीला तारामती. दोघंबी पाण्यात. काठाला लागलो तेव्हा लोकांनी बघितलं, मी तिला घट्ट धरलेलं. धरलं होतं, खोटं कशाला बोलू. ग्रामपंचायतीनं मला शाल-श्रीफळ दिलं, "पत्नीचे प्राण वाचवल्याबद्दल". मी नको म्हणणारच होतो, पण तोवर हार गळ्यात पडला होता. तारामती समोरच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायली होती.

आता त्याच माणसाला एखाद्या जलतरण तलावात चार लोकांसमोर बुडताना बघितलं तर? तोंड कुठं लपवू?

६ जून

मंडळाची बैठक घेतली. तत्त्वाचा मुद्दा मांडला. पाणी आमचं, वारा देवाचा, होडी माझी — मग हा महासंघ कोण? फौजेत सक्ती सोसली ती देशासाठी. हौसेला सक्ती म्हणजे गुलामी! बहिष्कार!

लई जोरात झालं भाषण. आमचे सेक्रेटरी भागवत गुरुजी, मागच्या साली रिटायर झालेले मुख्याध्यापक, डोळे पुसायले. लालमहंमद उभा राहिला. हा मूळचा देगलूरचा, चाकूरला ताडपत्री शिवायचं दुकान, आमचं शीड त्यानंच शिवलेलं. "अण्णा, तुम बोलो, मैं आगे," म्हणाला.

सुटलो. रात्री दोन भाकरी जादा खाल्ल्या.

८ जून

सुटलो नाही. लालमहंमदनं उरलेल्या शिडाच्या कापडाचं बॅनर शिवलं — "सक्तीचे सदस्यत्व रद्द करा". शिवलं म्हणजे अक्षरं कापून शिवली, लग्नाच्या मंडपाला लावतात तशी लाल झालर लावून. त्यावर माझा जॅकेटमधला फोटो. आता म्हणतो, लातूरला धरणं धरू. गुरुजी पेपरला बातमी द्यायला निघालेत: "वीर सुभेदाराचा एल्गार".

दोघांना चहा पाजून कसंबसं बसवलं.

तारामती म्हणाली, "म्हंजी औंदा हैदराबादला जायचं न्हाई?" म्हटलं, तत्त्व हाय. ती आत गेली. मागच्या आठवड्यात तिनं शर्यतीसाठी कॅनव्हासचे बूट आणले होते, घरात घालून मऊ करायली होती. ते काढून तिनं खोक्यात भरले आन खोकं माळ्यावर टाकलं. हैदराबादच्या तळ्यावर चार वर्षं जातो आम्ही. पहिल्या वर्षी अकरा होड्यांत अकरावे, मागच्या वर्षी सातवे. औंदा पाचवं यायचं, असं ती चैत्रापासून म्हणत होती.

वाईट वाटलं. पण काय करू?

११ जून

घात झाला. तारामतीनं अर्ज भरला! गुरुजींच्या मोबाइलवरून. वर गुरुजींना म्हणाली, "बहिष्कार त्यांचा हाय, माझा न्हाई." महासंघाचा नियम हाय, क्लबाला मान्यता पाहिजे तर पाच सदस्य लागतात. म्हणून गुरुजींनी स्वतःचा भरला, लालमहंमदचा भरला, खजिनदार निवृत्तीचा भरला. आन माझाबी भरला. "अण्णा, तुम्ही तत्त्वासाठी विरोध करा, पण मंडळाचं नुकसान नको," म्हणाले. बॅनर शिवणारा लालमहंमद म्हणतो, "कार्ड पे फोटू आता अण्णा."

ह्याला म्हणतात घरचा भेदी.

१६ जून

देव हाय!

पुण्याहून महासंघाच्या शिवांगी मॅडमचा फोन आला. गुरुजींनी स्पीकरवर लावला. मॅडम एकदम सौम्य, पण आवाजात संशय. "सर, तुमचे अर्ज संगणकानं अडवलेत. पाच अर्जांपैकी चौघांची जन्मतारीख एकच आहे. एक जून. एकाच माणसानं चार अर्ज भरलेत का?"

गुरुजी म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं सगळे एक जूनलाच जन्मतात."

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

मग गुरुजींनी समजावलं. आमच्या काळात घरी कुणी तारखा लिहून ठेवत नव्हतं. पोरगं शाळेत आणलं की मास्तर त्याला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. लागला की सहा वर्षं पुरी. तारीख एक जून टाकायची. "मी स्वतः चाकूर तालुक्यात दीड-दोन हजार पोरं एक जूनला जन्माला घातलीत," गुरुजी म्हणाले. त्यांना त्याचा अभिमान हाय.

मॅडम म्हणाल्या, "मग तुमच्या क्लबात एकच तारीख खरी दिसते सर. तारामती मॅडमची. एक जानेवारी एकोणीसशे बासष्ट."

मी पाण्याचा घोट घेत होतो, ठसका लागला. तारामतीची तारीख! आधारच्या कॅम्पला तीन तास रांगेत उभी राहून हिचं डोकं तापलं होतं. मशीनवाल्यानं वय विचारलं तर म्हणाली, "लिही काय बी, पन्नास लिही." असेल तेव्हा चव्वेचाळीसची. मशीनवाल्यानं एक जानेवारी टाकून दिलं. सगळ्यात खोटी तारीख तिची, आन तेवढीच पास!

पण अर्ज अडकले. मी आत जाऊन देवाला हात जोडले.

२४ जून

देव नाही. गुरुजींनी चौघांचे शाळा सोडल्याचे दाखले पाठवले, वर एक जूनच्या प्रथेवर अडीच पानांचा निबंध. मॅडमना निबंध आवडला. अर्ज मंजूर. चाचणी २० जुलैला नांदेडला.

खाली बारीक अक्षरात कलम बारा: साठ वर्षं पूर्ण झालेल्यांना पोहण्याच्या चाचणीतून सूट. म्हणजे तारामतीला सूट. कागदावर ती त्रेसष्टची. उदगीरकडच्या विहिरीत लहानपणी कासवासारखी पोहलेली बाई — तिला सूट. आन मी एक जून सहासष्टचा. कागदावर एकोणसाठ.

खरा मी एकसष्टचा तरी असेन. आई सांगायची, शेजारच्या गंगाधरच्या आधी दोन वर्षं तू. आन गंगाधर सहासष्टचा. पण मास्तरांपुढं माझा हात दोन वर्षं कानाला पोचलाच नाही! आखूड हात. त्या आखूड हातानं मला फौजेत भरतीला वयात बसवलं आन आता तोच हात मला बुडवणार. तारीख बदलून घ्यावी तर पेन्शनवाले विचारतील, इतकी वर्षं कुणाच्या तारखेवर नोकरी केली?

बाकी तिघं निवांत हायत. लालमहंमद देगलूरकडं नदीत पोहून वाढला, गुरुजी अन् निवृत्ती विहिरीत.

२५ जून

कान फुटलाय म्हणून डॉक्टरकडं गेलो. कान चांगला निघाला.

२ जुलै

आज तारामती शेतात गेल्याचं बघून दार लावलं. बाजेवर पालथा पडलो आन हात-पाय मारायला लागलो. मोबाइलवर एक माणूस शिकवतो तसं. श्वास घ्या, सोडा. बाज कुरकुर करायली. पंधराएक मिनिटं झाली असतील. मान वळवली तर ही दारात. मागच्या दारानं आली होती. डोक्यावर कडब्याची पेंढी.

तिनं पेंढी खाली ठेवली. म्हणाली, "पोचलाव का हैदराबादला?"

मी उठून बसलो. म्हटलं, पाठीचा व्यायाम. ती म्हणाली, "अव्हो, सहा वर्षं झाली. होडी कलंडली तवा तुमी माझ्या गळ्याला जी मिठी मारली, ती काय पिरमानं व्हती? मानंवर तीन दिवस वळ व्हते. एका हातानं तुमाला वढायलते, एका हातानं पाणी मारायलते."

मला ठाऊक हाय ते सगळं. पण तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

म्हटलं, मग सत्काराच्या वेळी बोलली का नाहीस?

"तुमी लई खूष दिसायलताव," म्हणाली. मग म्हणाली, "उठा. विहिरीवर चला. मला पाचवं यायचंय."

३ जुलै

आमच्या विहिरीला पाणी पुरुष-दीड पुरुष. पाठीला फवारणीचा रिकामा डबा बांधला, कमरेला दोर, दोराचं टोक हिच्या हातात. आन ही काठावर बसली, खांद्यावर काय? ती शाल! "पत्नीचे प्राण वाचवल्याबद्दल"वाली. म्हणाली, "गार वारं हाय."

मोजते कानडीत, माहेरची सवय. "ओंदु, एरडु, मूरु — पाय मारा! पाय हायत का खुंटे?" फौजेतला हवालदारबी एवढा बोलला नव्हता. नाकात पाणी, कानात पाणी. नऊ हातांवर दोर धरून लोंबकळलो.

५ जुलै

सोळा हात. एक बेडूक माझ्या पुढं गेला.

९ जुलै

विहिरीचे दोन काठ पुरे, डब्यासकट. वर आलो तर हिनं भाजलेल्या शेंगा हातावर ठेवल्या. कुणी मेडल दिलं असतं तर एवढं बरं वाटलं नसतं.

१३ जुलै

डबा नाही! भागवत गुरुजी सकाळी येऊन सोयाबीनला फवारणी करायला घेऊन गेले. हिनंच दिला. म्हटलं, अगं, शेजारधर्म मान्य हाय, पण माझा जीव? म्हणाली, "जीव माझ्या हातात हाय, दोर धरलाय की." उतरलो. आधी तळ बघितला, मग वर आलो, मग जायलो. सहा फेऱ्या. मध्ये एकदा वर बघितलं तर ही दोर खाली ठेवून शालीच्या टोकानं शेंगा चोळायली होती.

ओरडायला तोंड उघडलं आन पाणी गिळलं.

२० जुलै, रविवार

नांदेड. पहाटेच्या एसटीनं गेलो. तलावात निळं पाणी, खाली फरशी दिसते. तेच वाईट, किती खोल हाय ते दिसतं. शिवांगी मॅडम शिट्टी गळ्यात घालून उभ्या. वयानं आमच्या सुनेएवढ्या. लालमहंमद शर्ट-पायजम्यात उडी मारून मिनिटभरात पलीकडं, वर विचारतो, "और एक बार जाऊं क्या?" गुरुजी, निवृत्ती पास.

मग माझं नाव. मॅडम म्हणाल्या, "सर, जॅकेट काढा." नऊ वर्षं स्टोअरमध्ये आन सात वर्षं मंडळात — जॅकेट काढलं तर अंगावरची कातडी काढल्यासारखं वाटलं. तारामतीनं ते हातात घेतलं. म्हणाली, "खाली बघू नका. माझ्या आवाजाकडं या."

उतरलो. ती तलावाच्या काठानं चालायली, मी पाण्यातून. ओंदु, एरडु, मूरु. अर्ध्यात दम तुटला, पाय खाली गेले, तोंडात पाणी आलं. वाटलं, आता शिट्टी वाजती. लालमहंमद मॅडमना सांगत होता, "अण्णा जानबूझ के धीरे जाते मॅडम. शिस्त!" तिकडून ही ओरडली, "पाय हायत का खुंटे?" सगळा तलाव बघायला लागला. पाय मारले.

हात पलीकडच्या काठाला लागला. किती वेळ लागला माहीत नाही. नियमात वेळ लिहिलेली नाही, ते मी पन्नास वेळा वाचलं होतं.

मॅडमनी तारामतीला विचारलं, "आजी, तुम्हाला सूट आहे, पण पोहता येतं ना?" ही म्हणाली, "कुठलं मॅडम. त्रेसष्टची म्हातारी मी."

परतताना एसटीत मी रडलो. खिडकीकडं तोंड करून. तिला कळलं असावं.

२२ जुलै

मनाशी ठरवलं, खरं सांगायचं. बैठक बोलावली. जॅकेट न घालता गेलो. उभा राहिलो आन सांगितलं — मला पोहता येत नव्हतं. सहा वर्षांमागं मी हिला वाचवलं नाही, हिनं मला वाचवलं. ही शाल हिची हाय. आन शाल तारामतीच्या खांद्यावर घातली.

मग भागवत गुरुजी उठले, डोळे पुसत. म्हणाले, "बघा! स्वतःचा पराक्रम बायकोच्या पदरात घालणारा माणूस. याला म्हणतात मोठेपण." टाळ्या! लालमहंमद म्हणतो, "अण्णा का दिल देखो!" मी म्हटलं, अरे, खरं सांगायलोय! निवृत्ती म्हणाला, "किती नम्र हायत."

पंधरा ऑगस्टला पुन्हा सत्कार ठरला. माझाच. तारामती शाल तोंडात कोंबून हसायली.

१ ऑगस्ट

कार्डं आली. माझा क्रमांक ४१०७, तिचा ४१०६. एकानं पुढं हाय, ते दिवसभर सांगायली. सक्तीच्या सदस्यत्वाला आता माझा विरोध नाही. बॅनर लालमहंमदनं उलटं करून दुकानावर पावसाला लावलंय. बूट माळ्यावरून खाली आले.

१० ऑगस्ट, हैदराबाद

तिसऱ्या खुणेला वळताना पाचवे होतो. पाचवे! तेवढ्यात झपाटा आला आन होडी कलंडली. मी जॅकेटचा विचारबी न करता हात मारले, दोन हातांवर होडीची कड होती. तेवढ्यात मागून माझ्या गळ्याला मिठी पडली. घाबरलो. म्हटलं, तारा, पायात गोळा आला का?

म्हणाली, "न्हाई."

आन सोडलं नाही. अकरावे आलो.